एकशे बेचाळीस पावत्या

"दोनशे रुपये भर, नाहीतर सुयांची पेटी सरकारजमा!"

दफ्तरदार धुंडिराजपंतांनी हुकूम वाचला आणि चिमाबाईची सुई एका पोरीच्या मनगटावर तशीच थांबली. चिमाबाई बाजारात चिंचेखाली बसून गोंदायची. ठिपक्याला पैसा, तुळशीला दोन आणे, मारुतीला आठ. पैसे रोख द्यायचे आणि रडायचं नाही, एवढेच तिचे नियम.

"दोनशे? पंत, एवढे मला सहा वर्षांत मिळत नाहीत!"

"गोंदण हा दागिना. दागिन्यांचा धंदा म्हणजे सराफी. सराफाला कर दोनशे. महाराजांचं कलम आहे."

"सराफाकडे सोनं असतं, पंत. माझ्याकडे काजळी आहे."

"कमाई कमी असेल तर आठ दिवसांत वर्षाच्या पावत्या दाखव. मग रुपयाला आणा भर आणि मोकळी हो!"

चिमाबाईला लिहिता येत नव्हतं. तिच्या गिऱ्हाइकांनाही नाही. पेटी गेली तर चूल थंड. ती सुया पुसून उठली आणि थेट दरबारात गेली.

भुजंगराजे तसे दयाळू. पण कलमांच्या बाबतीत हट्टी.

"रडून उपयोग नाही!" ते आधीच म्हणाले. "कलम बदलणार नाही!"

"बदलू नका, महाराज. पावती कशाला म्हणायचं, तेवढं सांगा."

राजे खुलले. कलमं समजून घ्यायला आजवर कोणीच आलं नव्हतं. त्यांनी वही उघडली. "पावती म्हणजे काम झाल्याची खूण. करणाऱ्याच्या हातची, गिऱ्हाइकाजवळची, पुसता न येणारी!"

"कागदावरच हवी?"

राजांनी पान उलटून पाहिलं. "तसं लिहिलेलं नाही."

"आणि तुम्हाला दिल्यावर तिचं काय होतं?"

"दफ्तरात जमा! सात वर्षं! ऊन, पाणी, वाळवी लागू द्यायची नाही. मुदतीआधी जो तिला बाहेर काढेल, त्याला कैद!"

"कोणीही असो?"

"मी असलो तरी!" राजे अभिमानाने म्हणाले.

आठव्या दिवशी सकाळी चिमाबाई दफ्तरात आली. मागून एकशे बेचाळीस माणसं आली. नव्या सुना, म्हाताऱ्या, चार पैलवान, आणि राजवाड्याचा आचारी नागोबा.

"ही जत्रा कशाला?" पंत ओरडले.

"पावत्या आहेत. हात दाखवा गं!"

एकशे बेचाळीस हात वर झाले. पंतांनी कलम तीनदा वाचलं. खूण होती. करणारीच्या हातची होती. पंतांनी थुंकी लावून एक तुळस चोळून पाहिली, पुसली नाही. जिची होती तिने मात्र पंतांच्या हातावर चापट मारली.

कारकून ठिपके मोजायला बसले. बेरीज आली तीस रुपये आठ आणे.

"आणखी बारा आणे धरा," चिमाबाई म्हणाली. "दोन गिऱ्हाइकं येऊ शकली नाहीत."

झाले एकतीस रुपये चार आणे. तिने कराचा एक रुपया, पंधरा आणे आणि एक पैसा मेजावर मोजून ठेवला, आणि ती निघाली.

"अगं, आणि हे सगळे?"

"जमा करून घ्या की! सात वर्षं."

पावत्या खाली बसल्या. जागा अपुरी पडली तेव्हा कागदांचे गठ्ठे अंगणात गेले.

"पंत, जेवायला कधी वाढता?" एका म्हातारीने विचारलं.

"आणि ती खिडकी लावा," दुसरी म्हणाली. "आम्हाला ऊन लागता कामा नये."

दुपारपर्यंत फाटकावर सासवा जमल्या. "आमची सून जमा झाली म्हणे! पाणी कोणी भरायचं? पंतांनी?"

तेवढ्यात भुजंगराजे स्वतः आले. त्यांचं ताट आलं नव्हतं.

"नागोबा! इथे काय करतोस? ऊठ!"

नागोबाने बाही सारून दंडावरचा मारुती दाखवला. "मी अठ्ठ्याऐंशी नंबरची पावती, महाराज. मला बाहेर काढलंत तर तुम्हाला कैद."

राजांनी चिमाबाईला बोलावणं धाडलं. "ने यांना परत!"

"कलम आहे, महाराज."

राजांनी कलम पुन्हा वाचलं. पोट मात्र गप्प बसेना. तेव्हा धुंडिराजपंत टुणकन उडाले. "महाराज, सापडलं! वरच्या बारा आण्यांना पावतीच नाही! हिशोब अपुरा, म्हणजे रद्द. या पावत्या परत, आणि हिला कर दोनशे!"

"वा!" राजे ओरडले. "बोल बाई, ती दोन गिऱ्हाइकं कुठे आहेत?"

"वारली, महाराज. एक आषाढात, एक पौषात."

"पण मग पावत्या?"

"माणूस गेलं की अंगावरचं सोनं घरचे उतरवून घेतात. गोंदण कोणाला उतरवता येत नाही. ते बरोबर जातं. त्या दोन पावत्या वरच्या दफ्तरात जमा आहेत. पंतांनी जाऊन तपासून यावं. मी इथे थांबते!"

पंत हळूच दोन पावलं मागे सरकले.

राजे आधी तिच्याकडे बघत राहिले, मग पंतांकडे, आणि मग एवढ्या मोठ्याने हसले की फाटकावरच्या सासवा आत आल्या.

"उतरवता येत नाही, तर सराफी कसली! आणि जी बाई मेलेल्यांचे बारा आणेसुद्धा सांगते, तिला पावती कसली मागता! पंत, खोडा ती कलमं! नको, आणा इकडे, मीच खोडतो." त्यांनी खोडलं आणि खाली नवं लिहिलं: हातावर पोट असणाऱ्याने तोंडी सांगितलेला हिशोब खरा धरावा.

चिमाबाईला पन्नास रुपये बक्षीस मिळाले. रोख.

नागोबाने चुली पेटवल्या. एकशे बेचाळीस पावत्या, त्यांच्या सासवा आणि भुजंगराजे एकाच पंगतीला बसले. पंतांनी वाढलं.