थोपटण्याचे घराणे

निवांत महाराज त्या काळी शेवाळदरीच्या मठात मुक्कामाला होते. गाव ओढ्याकाठचे, आणि त्या दुष्काळी वर्षी ओढा नावापुरता. तरीही महाराज आले म्हणून गावाने सप्ताह मांडला आणि सप्ताहाला शोभा यावी म्हणून शहरातून व्यंकटबुवांना बोलावले. मृदंगात बुवांचे नाव मोठे. ते नाव इतरांच्या आधी बुवा स्वतःच घेत, त्यामुळे कुणाचा गैरसमज होत नसे. आपल्या गुरूंची आणि गुरूंच्या गुरूंची नावे मात्र ते कानाची पाळी धरून घेत. नावे इतकी होती की हात बराच वेळ कानाशीच राही.

काल्याच्या भजनाला साथ गावातल्या सटवा गुरवाने करायची, असे महाराजांनीच सांगितले होते. बुवांना ते पचेना. सटवाचा हात गोड होता, पण लय ढिली. एखादी म्हातारी टाळ चाचपत मागे राहिली, की हा तिच्यासाठी ठेका सैल सोडी. शेवटी त्या सकाळी मंडपात चारचौघांसमोर बुवांनी विचारले, "काय सटवाजी, गुरू कोण तुमचे?"

सटवा मृदंगाच्या वाद्या ओढत होता. "गुरू न्हाई बुवा. बाप ह्याच जागेवर बसून वाजवायचा, पर तो लवकर गेला. आई पाठीवर थोपटायची, झोप लागंस्तवर. त्योच ठेका हातात ऱ्हायला."

"वा! थोपटण्याचं घराणं," बुवा म्हणाले. "म्हणजे श्रोते घोरायला लागले की बैठक रंगली म्हणायची."

मंडप हसला. सटवाही हसला, कारण विनोद बरा होता.

मृदंगाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी भिजवलेली कणीक थापावी लागते. ती नसली तर घुमारा येत नाही, नुसते टपटप वाजते. त्या टंचाईत सटवाने कुठून तरी मूठभर गहू मिळवून दळून आणले होते. कणीक थापून होते न होते तोच मजुरीच्या शोधात निघालेली एक बाई सावलीला आत आली. कडेवर पोरगी. पोरीने कडेवरूनच हात लांबवला, कणकेचा लचका तोडला आणि तोंडात घातला. आई मेल्याहून मेल्यासारखी झाली आणि पोरीच्या तोंडात बोट घालून तो काढू लागली.

नैवेद्याआधी कोठीतला दाणा बाहेर काढायचा नाही, असा मठाचा नियम होता. तो महाराजांनी केलेला नव्हता, पण सगळे पाळत महाराजांच्याच नावाने. सटवाने इकडेतिकडे पाहिले, मृदंगाची सगळी कणीक खरवडली आणि गोळा बाईच्या हातावर ठेवला. कच्ची नको, मागे चुलीवर भाजून घ्या ताई, म्हणाला.

मग तो बुवांकडे वळला. बुवांच्या पितळी डबीत त्यांची स्वतःची कणीक होती. त्यातली चिमूटभर त्याने मागितली. बुवांनी डबीचे झाकण लावले.

"ही माझ्या मृदंगाची. तुमचा आज बोलला नाही, तर उठायचं. आणि या जागेवर पुन्हा बसायचं नाही. कबूल?"

सटवाने बापाच्या त्या जागेवरून एकदा हात फिरवला. "कबूल."

भजन सुरू झाले. महाराज खांबाशी घोंगडीवर बसले होते. पोट भरलेली ती पोरगी दुडुदुडु चालत आली आणि थेट त्यांच्या मांडीवर आडवी होऊन झोपली. आई उचलायला धावली, तर महाराजांनी हातानेच नको म्हटले.

सटवाने थाप दिली. उजवे तोंड खणखणले, डावे टप. पुन्हा टप. कुणीतरी हसले. बुवांनी आपल्या मृदंगाची मखमली खोळ काढायला घेतली. टाळांच्या आवाजाने पोरगी दचकून कुरकुरली, तसा महाराजांनी तिच्या पाठीवर तळवा ठेवला आणि हलकेच थोपटायला सुरुवात केली.

आणि मृदंगाचे डावे तोंड म्हणाले, घुम्म.

कणीक कुठेतरी चिकटून राहिली असणार, हे बुवांनी लगेच ओळखले. ते गुडघ्यांवर पुढे सरकले आणि नाक लावून पाहिले. चामडे कोरडे होते. मग त्यांची नजर महाराजांच्या हाताकडे गेली. हात पाठीवर पडे तेव्हा घुम्म. पोरगी कुशीवर वळली, हात थांबला, की टप. हात पुन्हा पडला, घुम्म. त्या संथ लयीत सगळा मंडप डोलत होता. जन्मात ताल न सापडलेल्या म्हाताऱ्यांनाही तो आज सापडला होता.

ती लय बुवांच्या ओळखीची होती. सगळ्या गुरूंच्या आधी, काचेच्या बांगड्यांचा एक हात त्यांच्याही पाठीवर असाच पडत असे. त्या हातासाठी त्यांनी कधी कानाची पाळी धरली नव्हती. ती आता त्यांनी धरली, आणि भजन संपेपर्यंत सोडली नाही.

मग त्यांनी पितळी डबी उघडून सटवापुढे ठेवली आणि ते महाराजांपाशी आले. "महाराज, चुकलो मी. हा चमत्कार..."

"हळू," महाराज म्हणाले. "लेकरू झोपलंय. मी तर नुसता थोपटत होतो बुवा, वाजवत होता तो सटवा. हात भरून आलाय माझा. जरा तुम्ही घ्या."

बुवांनी मैफली गाजवलेला तो हात पोरीच्या पाठीवर ठेवला आणि ते थोपटू लागले. पोरीने झोपेतच कपाळाला आठ्या घातल्या.

सटवा मागून वाकला आणि त्यांच्या कानाशी म्हणाला, "बुवा, लय जरा उतरवा."

बुवांनी लय उतरवली. पोरीने सुस्कारा सोडला. तेव्हा तिच्या पाठीवरचा हात तसाच चालू ठेवून व्यंकटबुवा वाकले आणि त्यांनी महाराजांच्या पायांवर कपाळ टेकवले. ठेका चुकला नाही.