दादांचं हसू

शाळेचे अध्यक्ष बापूसाहेब गव्हाणकर शिक्षकांच्या सभेत म्हणाले, "नववीचा चित्रकलेचा तास बंद करा. त्या वेळात गणित घ्या. चित्रं काढून कोणाचं भलं झालंय?"

चित्रकलेच्या मंदाकिनीबाईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. शाळेच्या आवारात अध्यक्षांच्या वडिलांचा, म्हणजे दादांचा, पुतळा बसायचा होता, आणि 'दादांचं हसू जमलं नाही' म्हणून बापूसाहेबांनी तो शिल्पकाराकडे परत पाठवला होता.

बाई शांतपणे म्हणाल्या, "मग पुतळा तरी कशाला, साहेब? दादांची उंची आणि वजन लिहिलेली पाटी लावू. गणिताचे सर आजच करून देतील."

"अहो बाई, पाटीत दादांचं हसू कुठून येणार?"

"ते आणायला आमच्या तासाला शिकवतात, साहेब."

बापूसाहेब स्वतःच हसले. तास राहिला. बाईंचा चहा केव्हाच गार झाला होता, तरी तो त्यांना गोड लागला.