चाळीस मोठे की नव्वद?

सोनगिरीच्या सरकारी विद्यापीठात जागा शंभर आणि अर्ज आले तीन हजार! प्रवेशप्रमुख शास्त्रीबुवांनी सोपा उपाय काढला. अर्जाच्या पहिल्या पानावर परीक्षेचे गुण असत. तेवढे पाहायचे, वरचे शंभर अर्ज ठेवायचे आणि बाकीचे दोरीने बांधून तळघरात टाकायचे. आतली तीन पानं कोणी उलटतही नसे.

पालखी वाहणाऱ्या रायबा भोयाची मुलगी सगुणा, तिचाही अर्ज असाच बांधला गेला. पुढच्या वर्षी तिचं वय नियमात बसणार नव्हतं. ती तडक दरबारात गेली.

“महाराज, माझा अर्ज कोणी वाचलाच नाही!”

“गुण किती?” चंडविक्रम राजाने विचारलं.

“शंभरात चाळीस.”

दरबार खो खो हसला. शास्त्रीबुवा म्हणाले, “पोरी, सरदारांच्या विश्वजितला नव्वद आहेत!”

“त्याला घरी तीन पंतोजी आहेत, बुवा! आमच्या गावात शाळाच नाही. बाबांची भाकरी पोचवायला इथे सोनगिरीत येताना मी पाठशाळेच्या खिडकीखाली उभी राहून शिकले. आतल्या पानांवर सगळं लिहिलंय.”

राजा मोठा हट्टी. “आकडा तो आकडा! चाळीस हे नव्वदांहून मोठे आहेत, असं सूर्य मावळायच्या आत सिद्ध कर. जमलं तर प्रवेश. नाहीतर पुन्हा विद्यापीठाचं नाव काढायचं नाही!”

सगुणाने समोरच्या गडाकडे पाहिलं. मग म्हणाली, “महाराज, काल आपण गडावर देवीला गेला होता ना?”

“गेलो होतो तर! तीनशे पायऱ्या चढलो. बखरीत तशी नोंदही करवली आहे.”

“दमला असाल.”

“छे! घामाचा थेंब नाही!”

“मग आज चाळीसच चढून दाखवा. फक्त पायी.”

“हात्तिच्या! चाळीस?”

सारा दरबार गडाच्या पायथ्याशी जमला. दहाव्या पायरीवर राजाने शेला काढला, विसाव्या पायरीवर मुकुट हुजऱ्याकडे दिला, तिसाव्या पायरीनंतर बोलणंच बंद केलं, असं सांगतात. एखादी पायरी इकडेतिकडे असेल. चाळिसाव्या पायरीवर मात्र त्याने धपकन बसकण मारली.

“अरे देवा! या चाळीस पायऱ्या कालच्या तीनशेंहून जास्त आहेत!”

“ऐकलंत, शास्त्रीबुवा?” सगुणा ओरडली. “चाळीस तीनशेंहून मोठे, हे खुद्द महाराज म्हणतायत. मी तर बिचारी नव्वदांवरच थांबले होते!”

“पण... पण काल महाराज पालखीत होते!” मागोमाग चढलेले शास्त्रीबुवा धापा टाकत म्हणाले.

“मग विश्वजित कशात बसून नव्वदाला पोचला, तेही आतल्या पानांवर बघा की!”

राजा इतका हसला, की घसरून एक पायरी खाली आला. सगुणाला प्रवेश मिळाला, राहण्याजेवणाची सोय झाली आणि तळघरातले सगळे गठ्ठे पुन्हा बाहेर निघाले.

“शास्त्रीबुवा,” डोळे पुसत राजा म्हणाला, “एकूण एक अर्ज शेवटच्या पानापर्यंत वाचायचा. इथेच, या चाळिसाव्या पायरीवर बसून. आणि रोज पायी यायचं!”