घालून उघडायची घडी

एका डोंगराखालच्या गावात एक पेढेवाला आणि त्याची बायको राहत होती. पेढेवाल्याच्या हाताला चव होती, त्यात वादच नाही. पण त्याला काही शिकवायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, आणि ते ओतण्याचं काम लग्नापासून एकट्या बायकोच्या वाट्याला आलं होतं.

त्या गावात जत्रेच्या दिवशी देवीची पालखी दारोदार फिरे. पहिल्या नैवेद्याचा मान पेढेवाल्याच्या घराचा. पाच पेढे कागदाच्या डबीत घालून पालखीत ठेवायचे. डबी मात्र नुसत्या घड्यांची हवी, तिला खळ लावायची नाही. खळ म्हणजे शिजवलेलं पीठ, म्हणजे खरकटं, ते देवीला कसं चालेल? म्हणून देवळात गेल्यावर गुरव ती डबी साऱ्या गावासमोर उलगडे. कागद अखंड निघाला की मगच नैवेद्य दाखवी.

ही डबी सासूने सुनेला शिकवली होती आणि सून ती वीस वर्षं करत आली होती. पेढेवाला जत्रेच्या दिवशी कढईपाशी अडकलेला असे. त्याने डबी करताना कधी पाहिली नव्हती आणि उलगडतानाही नाही.

त्या वर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी बायको विहिरीच्या पायरीवरून घसरली. उजवं मनगट असं सुजलं की चिमटीत कागदसुद्धा धरवेना. आता डबी नवऱ्यानेच करायला हवी होती.

दुपारी तिने त्याला पाटावर बसवलं, समोर दहा चौकोनी कागद ठेवले आणि तोंडाने सांगू लागली. आधी कागद मधोमध उभा दुमडा, उघडा. मग आडवा दुमडा, उघडा. चारही कोपरे मध्यावर आणा. आता समोरासमोरच्या दोन कडा मध्यापर्यंत दुमडा आणि परत उघडा. मग उरलेल्या दोन, त्याही उघडा.

"उघडायचीच आहे, तर घडी घालायची कशाला?" पेढेवाला म्हणाला.

"अहो, तिची खूण राहते. पुढे भिंत त्या खुणेवरच उभी राहते."

पेढेवाला हसला. म्हणाला, मी नुसत्या वासावरून खवा ओळखतो, मला कसल्या खुणा लागतात? आणि उघडायच्या सगळ्या घड्या गाळून तो थेट भिंती उभ्या करायला गेला. एक भिंत फुगली, दुसरी तिरकी झाली आणि डबी बघता बघता खाली बसली.

बायकोने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्याने पुन्हा तेच केलं. चौथ्यांदा सांगताना तिचा आवाज चढला. डाव्या हाताने दाखवायला गेली, तर कागद निसटला. तिला स्वतःच्या मनगटाचा राग आला, विहिरीच्या पायरीचा आला आणि समोर बसलेल्या या शहाण्याचा तर सगळ्यात जास्त आला. पाचव्यांदा तिने दात-ओठ खात सांगितलं. आठ कागद वाया गेल्यावर तो म्हणाला की तू जाऊन पड, तुझ्या कटकटीनेच माझा हात चुकतोय. ती खरंच जाऊन पडली.

सकाळी उठून पाहते, तर पाटावर डबी उभी. चारही भिंती ताठ. तिला बरं वाटलं. तिने ती डाव्या हाताने उचलली, तर कोपरे कडक लागले आणि आंबूस वास आला. डबी खाली ठेवून तिने कपाळावर हात मारून घेतला.

"खळ लावलीत?"

"थोडीशीच, आतून. कोणाला दिसतेय?"

"अहो, गुरव ती उलगडतो. सगळ्या गावासमोर. आणि त्याने नसती उलगडली, तरी खरकटं ते खरकटंच ना?"

पेढेवाल्याचं तोंड उतरलं. तेवढ्यात वेशीवर ढोल वाजले. यंदा गुरव कदाचित बघणार नाही, असं तो पुटपुटला. बायकोने ती डबी चुलीत घातली आणि उरलेला एकच कागद त्याच्यासमोर ठेवला.

आता मात्र तो निमूट बसला. घडी घातली, उघडली. दुसरी घातली, उघडली. एकही गाळली नाही. पण ढोल काही त्याच्यासाठी थांबणार नव्हते. पालखी दारात टेकली, आरती झाली. आरतीपुरतंच थांबायचं, अशी रीत होती. चौथी भिंत उभी राहायची होती तेव्हा भोयांनी पालखी उचलली, आणि त्या वर्षीचा मान समोरच्या बत्तासेवाल्याच्या घरी गेला.

चौथी भिंत उभी करून पेढेवाला डबी हातात घेऊन दारात आला, तेव्हा पालखी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी होत होती. आता बोलणी बसणार म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. पण बायको इतकी वैतागून गेली होती की तिच्यात ओरडायचंही त्राण नव्हतं.

"उलगडा ती," एवढंच ती म्हणाली.

त्याने डबी उलगडली. कागद अखंड होता. त्यावर सगळ्या खुणा उमटल्या होत्या, आणि काल ज्या त्याला फुकटच्या वाटल्या होत्या, नेमक्या त्यांच्यावरच चारही भिंती उभ्या राहिल्या होत्या. त्याने एकेका खुणेवरून बोट फिरवलं.

"तू काल चारदा सांगितलंस," तो हळूच म्हणाला.

"पाचदा," ती म्हणाली.

तात्पर्य: घालून लगेच उघडावी लागते ती घडी वाया गेलेली नसते. जो तिला कंटाळतो त्याला खळीचा आधार घ्यावा लागतो, आणि खळ कधी ना कधी उघडी पडतेच.