ठमीचा कान दुखतो

भिंतीला होतं एक भोक. भोकात राहायचा पिटक्या उंदीर.

पिटक्याला सापडला शेंगदाणा. चांगला टपोरा! पण गेला घरंगळत. गडगड, गडगड, गडगड! आणि अडकला कुठे? ठमी मांजरीच्या झुबकेदार शेपटीत.

पिटक्या लांबूनच म्हणाला, "ठमीताई, ठमीताई, माझा शेंगदाणा द्या ना!"

ठमी म्हणाली, "हळू बोल रे! माझा कान दुखतोय. आज तुला खायचीसुद्धा इच्छा नाही. डॉक्टरांनी कान बघितला, तर देईन."

निघाला पिटक्या. लुटुलुटु, लुटुलुटु.

"डॉक्टरकाका, डॉक्टरकाका, ठमीचा कान बघा ना!
ठमी देईना,
शेंगदाणा मिळेना!"

डॉक्टर म्हणाले, "मोकळी नको रे बाबा! मागच्या वेळी कपाटावर चढून बसली. दिवसभर खाली येईना. पेटीत बसून आली, तर बघेन."

निघाला पिटक्या. लुटुलुटु, लुटुलुटु.

"पेटीताई, पेटीताई, ठमीला घे ना!
डॉक्टर बघेनात,
ठमी देईना,
शेंगदाणा मिळेना!"

पेटी कुरकुरली, "कर्रर्र! मी ही अशी टणक. ठमी मला बघूनच पळते. मऊ गोधडी आत आली, तर घेईन."

निघाला पिटक्या. लुटुलुटु, लुटुलुटु.

"गोधडीबाई, गोधडीबाई, पेटीत जा ना!
पेटी घेईना,
डॉक्टर बघेनात,
ठमी देईना,
शेंगदाणा मिळेना!"

गोधडी दोरीवर वाळत होती. फडफड, फडफड! म्हणाली, "मला पाय आहेत का? अण्णांनी उचललं, तर जाईन."

अण्णा म्हणजे ठमीचे मालक. निघाला पिटक्या. लुटुलुटु, लुटुलुटु.

"अण्णा, अण्णा, गोधडी उचला ना!
गोधडी जाईना,
पेटी घेईना,
डॉक्टर बघेनात,
ठमी देईना,
शेंगदाणा मिळेना!"

अण्णांच्या नाकावर होती पट्टी. अण्णा म्हणाले, "मी नाही बुवा! मागे तिला धरून कोंबली पेटीत. हे बघ माझं नाक! ठमीला द्यायला सुकट मिळाली, तर उचलेन."

निघाला पिटक्या. लुटुलुटु, लुटुलुटु. कोपऱ्यावर पारूमावशी सुकट विकत होती.

"मावशी, मावशी, सुकट दे ना!
अण्णा उचलेनात,
गोधडी जाईना,
पेटी घेईना,
डॉक्टर बघेनात,
ठमी देईना,
शेंगदाणा मिळेना!"

मावशी हसायलाच लागली. "अरे, तू उंदीर ना? आणि मांजरीसाठी सुकट मागतोस? डोकं फिरलं काय तुझं? घे बाबा, घे मूठभर!"

मावशीने सुकट दिली.
अण्णांनी गोधडी उचलली.
गोधडी पेटीत गेली.

अण्णांनी पेटीच्या दारात ठेवली सुकट. ठमीने हुंगली. फूं फूं! खाल्ली. मग ठेवली थोडी आत. ठमीने मान आत घातली. मग ठेवली अगदी आत. कुणी ढकललं नाही. कुणी कोंबलं नाही. ठमी आपली आपण गोधडीवर बसली!

अण्णांनी पाठीवर हात फिरवला. एक सुकट. गालावर फिरवला. एक सुकट. कानाजवळ नेला. अजून एक सुकट.
घुर्र घुर्र, घुर्र घुर्र!

पेटीने ठमीला घेतलं.
डॉक्टरांनी कान बघितला. औषध घातलं. टप, टप!
अण्णांचं नाक? जसंच्या तसं!

ठमी घरी आली. शेपूट झटकली. टण! पडला शेंगदाणा. पिटक्याने उचलला आणि पळाला भोकात.

कुरुम कुरुम, कुरुम कुरुम!

ठमीचा कान आता एकदम बरा. चटकन टवकारला.
"कोण रे ते? कुरुम कुरुम कोण करतंय?"

पिटक्या सरकला भोकात आत, अजून आत.

मग काय? पिटक्याने शेंगदाणा चघळला.
हळू...
हळू...
अगदी गुपचूप.