मुशीचा नैवेद्य

पूर्वी अपरांताच्या किनाऱ्यावर सुबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व शंखपट्टण नावाच्या बंदरात एका पुजाऱ्याच्या घरी जन्माला आले. त्यांचं नाव सोमिल आणि त्यांच्या बायकोचं चंपिका. बाई कामसू, तोंडाने जरा फटकळ, पण मनाने निर्मळ. ही गोष्ट खरं तर तिचीच आहे.

शंखपट्टणचे लोक समुद्राच्या तळाशी बुड्या मारून शंख काढत. त्या पाण्यात मुशी होत्या, ज्यांना आता सगळे शार्क म्हणतात त्याच. म्हणून गावाने रीत घालून दिली होती. रोज सकाळी काळ्या कातळावर ढोल वाजायचा. सोमिल माशांची मुंडकी, आतडी आणि रक्त भरलेली टोपली पाण्यात ओतायचे. मग "मुशीमायचं पोट भरलं" असं म्हणून पाणबुडे त्याच कातळाखाली उड्या टाकायचे. या मानापोटी प्रत्येक होडीतला पहिला मासा सोमिलांच्या घरी यायचा. सात पिढ्या हे चाललं होतं आणि चंपिकेला त्याचा केवढा अभिमान! विहिरीवर बायका तिला वाट करून देत आणि तीही खुशाल पुढे जाई.

त्या वर्षी मुशीने दोघांना धरलं. एकाच्या पोटरीचा लचका गेला, एकाचा हात. गावप्रमुख रोहक म्हणाला, "माय उपाशी आहे. उद्यापासून दोन टोपल्या!" दोन टोपल्या सुरू झाल्या आणि आठवड्याच्या आत तिसरा माणूस लंगडा झाला.

सोमिल विचारात पडले. वादळामुळे चार दिवस होड्या किनाऱ्यावरच होत्या आणि नैवेद्य नव्हता. चौथ्या दिवशी वारा पडल्यावर पोरं कातळाखालीच दिवसभर डुंबली, पण एकही मुशी फिरकली नाही. पाचव्या दिवशी सोमिलांनी कुणालाच पाण्यात उतरू दिलं नाही आणि नुसता ढोल वाजवला. बघता बघता कातळाखाली मुशींच्या पाठीवरचे पाच पर पाण्यावर दिसू लागले.

त्यांनी गाव गोळा केलं. "बाबांनो, आपण ढोल वाजवून मुशीला जेवायला बोलावतो, पान वाढतो आणि त्याच पानात आपली माणसं उतरवतो. आता ही घाण माडाच्या बुंध्याशी पुरा. पाणी गढूळ असलं की उतरू नका, तिन्हीसांजेला उतरू नका. अंगावर ओली जखम असेल त्याने घरी बसावं. बुडी मारायची ती जोडीने, आणि कातळावरून कुणीतरी नजर ठेवायची. ते काम मी करीन. माझ्या घरी मात्र आता मासा पाठवू नका."

चंपिका घरी येऊन कडाडली. "अहो, सात पिढ्यांचा मान एका तोंडाने घालवलात! आता चुलीवर काय, वाळू शिजवू?"

"अगं, सोन्याची सुरी झाली म्हणून उरात खुपसून घ्यायची का?" सोमिल शांतपणे म्हणाले.

पण नैवेद्यावाचून पाण्यात उतरायला गाव तयार होईना. तेव्हा सोमिल म्हणाले, "नऊ दिवस ढोल नको, टोपली नको. दहाव्या दिवशी मी उतरतो. मला मुशीने धरलं तर तुमची रीत खरी."

दहावा दिवस उजाडला. ऊन चांगलं वर आलं, पाणी नितळ होतं. सोमिलांच्या जोडीला कुणीच आलं नाही, म्हणून ते एकटेच उतरले. सगळं गाव वाळूवर उभं होतं.

चंपिका तेवढी तिथे नव्हती. नऊ दिवसांत नवऱ्याचं म्हणणं तिला पटलं होतं, पण पटणं वेगळं आणि आपला माणूस पाण्यात असणं वेगळं. माडाखाली पुरायला ठेवलेली घाण तिने टोपलीत भरली आणि ती मागच्या बाजूने कातळावर चढली. "माय, ही शेवटची," ती पुटपुटली. "खा, आणि त्यांना सांभाळ."

टोपली कलली. रक्ताची धार पाण्यात पडली न पडली तोच खोल पाण्याकडून एक पर सरळ तिच्या दिशेने आला. सोमिल तिथून पन्नास हातांवर होते. अगं बाई, हे काय केलं मी! चंपिकेने टोपली मागे ओढली आणि ती जिवाच्या आकांताने ओरडली, "अहो, बाहेर या! मुशी!"

सोमिलांनी हातपाय आपटले नाहीत. ते संथपणे पोहत वाळूला लागले. मुशी कातळाखाली दोन घिरट्या घालून निघून गेली.

रोहकाने हात वर केले. "पाहिलंत? नैवेद्य नव्हता, तरी माय आलीच! उद्यापासून तीन टोपल्या. आणि सोमिलांचा मान सोमिलांच्या घरी!"

लोकांनी माना डोलावल्या. मुशी का आली हे सोमिलांनाही ठाऊक नव्हतं. ते ठाऊक होतं एकट्या चंपिकेला. ती गप्प राहिली असती तर गेलेलं सगळं घरी चालत आलं असतं.

तिने टोपली उचलली आणि सगळ्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवली.

"ती आपण होऊन आली नाही. मी बोलावली. यातली एक धार पाण्यात पडली, एकच, आणि ती धावत आली. माझा धनी माझ्याच हाताने जाणार होता. आता तुम्ही तीन टोपल्या ओता, नाहीतर तीस ओता, पण मग आपली पोरं त्यात उतरवू नका."

मग ज्याचा हात गेला होता तो पाणबुडा पुढे आला. त्याने उरलेल्या हाताने ती टोपली उचलली आणि तो माडांकडे चालू लागला. त्याच्या मागून गाव गेलं.

पुढे शंखपट्टणात मुशीने कुणाला धरलं नाही. मुशी आपल्या खोल पाण्यात सुखी, माणसं काठाला सुखी. चंपिका विहिरीवर रांगेत उभी राहू लागली आणि रांगेतल्या गप्पा तिला भलत्याच आवडल्या.

ही कथा विहारात सांगून झाल्यावर शास्ते, म्हणजे भिक्षूंचे गुरू, म्हणाले, "तेव्हाचा रोहक म्हणजे आज रीतीवरून वाद घालणारा हा भिक्षू सुदंत. टोपली उचलणारा पाणबुडा म्हणजे आपला द्वारपाल कण्हिल. सोमिल मी होतो."

"आणि मुशी, भगवन्?" सुदंताने विचारलं.

"मुशी ही मुशीच होती. तिचा काय दोष? तिला बोलावलं, ती आली." मग शास्त्यांनी मागच्या ओळीत बसलेल्या भिक्षुणी अंबपालिता हिच्याकडे पाहिलं. "चंपिका ही होती. शहाणपण मी सांगितलं, पण त्याने गाव वाचलं नाही. स्वतःचं नुकसान समोर दिसत असताना ही खरं बोलली, म्हणून वाचलं. भिक्षूंनो, याला सत्यपारमिता म्हणतात. त्या जन्मी ती मी हिच्याकडून शिकलो."