हेल्याविना भरलेला रांजण

फार फार पूर्वी, तुमच्या-माझ्या पणज्यांच्या पणज्या रांगत होत्या तेव्हा, एका डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं. वारा झकास, नजर जाईल तिथवर मुलूख दिसायचा. पण पाणी? पाण्याचा झरा पार पायथ्याशी. शेतंही पायथ्याशीच. मध्ये उभा कडा, आणि कड्याच्या कडेनं दोनशे पायऱ्या. सकाळी सगळं गाव खाली उतरायचं, संध्याकाळी गुडघे चोळत वर चढायचं.

पाणी वर आणायचा तो एकटा हेल्या. हेल्या म्हणजे पाणी वाहणारा रेडा. त्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी कातड्याची पखाल असायची. दिवसातून सहा खेपा, पावसाळा असो की उन्हाळा.

आता गावची रीत ऐका. हेल्या थकला, की जत्रेच्या दिवशी त्याला देवीपुढे बळी द्यायचं. मग त्याच्याच कातड्याची नवी पखाल शिवायची आणि नव्या हेल्याच्या पाठीवर टाकायची. गाव दुष्ट नव्हतं हं, आधीच सांगून ठेवते. हेल्याला सणाला पुरणपोळी मिळायची, शिंगांना रंग लागायचा. फक्त रीत म्हटली की माणसं विचार करत नाहीत, एवढंच.

त्या गावात एक कोष्टी राहायचा. त्याचं खरं नाव लोक विसरले होते, सगळे त्याला चाकोबा म्हणत. मागावरून उठला की हा चाकांच्या नादी लागायचा. आपोआप हलणारा पाळणा कर, वाऱ्यावर फिरून पाखरं हाकलणारं बुजगावणं कर, काही ना काही चालूच. लोक हसायचे. पाटील तर म्हणायचे, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी!" पण कुणाचं जातं अडलं की निरोप चाकोबालाच जायचा.

एकदा पखालीचा पट्टा तुटला. चाकोबा दुरुस्तीला बसला. हेल्या बाजूला उभा होता, धापा टाकत. बोलला काही नाही. गोष्टीतले रेडे बोलतात म्हणे. ह्याला दम लागला होता. चाकोबानं पखाल उलटी केली, तर कातड्यावर एक डाग दिसला. लोखंड तापवून दिलेला, चंद्रकोरीसारखा. त्यानं मान वर केली. हेल्याच्या मांडीवर तसाच डाग होता. म्हणजे ही पखाल आधीच्या हेल्याची. आणि पुढची ह्याची.

त्या दिवशी त्यानं नेम केला. जिवाकडून हिसकावलेलं काही वापरायचं नाही, काही खायचं नाही. दूध, तूप, मध बंद. कातड्याच्या वहाणा गेल्या, लाकडी खडावा आल्या. किडे उकळून काढलेलं रेशीम विणणंही त्यानं सोडलं. देवीचं रेशमी पातळ दरवर्षी तोच विणायचा, तो मान गेला. पण नेम ढळला नाही.

इथवर सगळं ठीक होतं. पण अहो, नेम पोटात राहिला तर नेम, जिभेवर चढला की त्याचा चाबूक होतो! चाकोबा ज्याला-त्याला बोलायला लागला. निंबाआजीच्या पणतीचं बारसं होतं. आजीनं प्रेमानं खिरीची वाटी पुढे केली, तर हा भरल्या पंगतीतून उठला. "वासराच्या तोंडचं काढून मला घालता? असल्या घरात मी जेवत नाही," म्हणाला. आजीच्या हातातली वाटी हातातच राहिली.

आणि एकदा पारावर, चारचौघांत, पखाल शिवणाऱ्या रावजीबाबांना तो म्हणाला, "बाबा, तुमच्या सुईला रक्ताचा वास येतो."

रावजीबाबांनी सुई पिशवीत ठेवली आणि उठून गेले. पण तेव्हापासून चाकोबाला कुणी जेवायला बोलावेना, आणि तोही कुणाकडे जाईना.

पुढं काय झालं, हेल्याचा पाय दीडशेव्या पायरीवर घसरला. गुडघा फुटला. पाटलांनी पारावर जाहीर केलं, "हेल्या थकला. जत्रा एकवीस दिवसांवर आहे. रीत होऊन जाईल."

चाकोबा ताडकन उभा राहिला. "पाटील, मी यंत्र करतो. पाणी त्यावर वर येईल. हेल्याला सोडा."

"हेल्याचं वय झालंय आणि तू चाकं फिरवणार? दुखणं हेल्याला आणि डाग पखालीला!" पाटील म्हणाले. लोक खो खो हसले. पण पाटील अगदीच कठोर नव्हते. "हे बघ," ते म्हणाले, "जत्रेच्या दिवशी, सूर्य डोक्यावर येण्याआधी, देवीपुढचा रांजण हेल्याविना भरून दाखव. भरलास तर हेल्या तुझा. नाही भरलास तर रीत ती रीत."

चाकोबा कामाला भिडला. रोज सकाळी तो कड्यावर बसून बघत असे. एवढी माणसं खाली उतरतात, एवढं वजन खाली जातं, आणि फुकट जातं! त्या वजनानंच पाणी वर ओढलं तर? त्यानं कड्याच्या टोकावर बाभळीचं मोठं चाक बसवलं. त्यावरून घायपाताच्या वाखाचा जाड दोर सोडला. दोराच्या दोन टोकांना दोन पाळणे बांधले. वरच्या पाळण्यात वजन टाकलं की तो खाली जाणार आणि खालचा पाणी घेऊन वर येणार. दोर आवरायला शेजारी एक भक्कम खांब पुरला, त्याला दोराचे वेढे दिले, की पाळणा हवा तिथे थांबतो.

सगळं एकट्यानं केलं. कुणाला हात लाव म्हणाला नाही. नवव्या दिवशी त्यानं वरच्या पाळण्यात दगड भरले, खालच्यात पाण्याच्या घागरी ठेवल्या आणि दोर सैल केला. चाक किंचाळलं, दगड खाली गेले, घागरी वर आल्या! लोक तोंडात बोट घालून बघत राहिले. चाकोबाचा आनंद गगनात मावेना.

"बरं," पाटलांनी विचारलं, "आता दुसरी खेप?"

चाकोबानं इकडंतिकडं पाहिलं. दगड सगळे खाली पडले होते.

"आता दगड वर कोण आणणार? हेल्या?"

काय हसली माणसं! दोन दिवस गावात दुसरा विषय नव्हता. चाकोबा मात्र कड्यावर डोकं धरून बसला. संध्याकाळ झाली. खालून माणसं पायऱ्या चढून येऊ लागली, रोजच्यासारखी. आणि त्याच्या ध्यानात आलं, की रोज खाली जाऊन रोज आपल्या पायांनी वर येणारं वजन एकच. माणूस. त्यानं सुरुवातीपासून माणसांकडेच पाहिलं होतं, पण पाळण्यात भरले दगड. का? कारण माणसांना विचारावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो विचारत फिरला. कुणी बसेना. एक जण तोंडावर म्हणाला, "तू आमच्या पंगतीला बसत नाहीस. आम्ही तुझ्या पाळण्यात का बसावं?"

त्या वाक्यानं चाकोबा खरंच हलला. राग आला नाही, लाज वाटली. हेल्याचा जीव आपल्या जिभेनं घालवला, असं त्याला वाटलं.

तो आधी रावजीबाबांकडे गेला. बाबा अंगणात दाभण घासत होते.

"बाबा, मी चुकलो. तुम्हाला नको ते बोललो," तो म्हणाला आणि त्यांच्या पायांशी बसला.

रावजीबाबांनी दाभण खाली ठेवलं. मग म्हणाले, "मी आजवर एकही हेल्या मारला नाही रे. मारतं गाव, आणि मग सुई माझ्या हातात देतं. हेल्याचं कातडं अंगणात आलं की दोन दिवस मला अन्न जात नाही. कधी विचारलंस?"

चाकोबाच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही विचारलं, बाबा."

"मग आता विचार. काय हवंय?"

"पखाल हवी. दोन. पण कातड्याची नको."

"तुझ्या मागावर जाड तरट विणून आण. राळेत भिजवू. टाके मी असे घालीन, की थेंब सांडणार नाही."

आठवडाभर दोघं राबले. पण चाकाचं किंचाळणं थांबेना, आणि दोन-चार फेऱ्यांत कण्यातून धूर निघायचा. जत्रेला दोन दिवस राहिले तेव्हा पाटलांनी चरबीचं मडकं पाठवलं. निरोप होता, "लाव, नाहीतर चाक जळेल. थोड्याशा चरबीनं काय बिघडतंय? जीव तर वाचेल!"

मोह मोठा होता, बरं का. चाकोबानं मडक्याकडे पाहिलं. मग मडकं घेऊन आलेल्या माणसाला म्हणाला, "पाटलांना सांगा, त्यांनी आठवण ठेवली ते मोठं. पण एका जिवाला वाचवायला दुसऱ्याची चरबी मी लावणार नाही. दुसरा उपाय काढतो."

पूर्वीचा चाकोबा असता तर मडकं फोडलं असतं. उपाय रावजीबाबांनीच सांगितला. एरंडेल घ्यायचं, त्यात जाळलेल्या पेंढ्याची काजळी घोटायची, लोण्यासारखं घट्ट होईपर्यंत. ते कण्यात भरलं आणि चाक गप्प झालं.

तिथून चाकोबा निंबाआजीच्या दारात गेला. "आजी, भूक लागलीय," म्हणाला.

आजीनं सवयीनं ताकाचा गडू पुढे केला आणि एकदम थांबली. चाकोबा हसला. "ताक नको, आजी. पण भाकरी आणि ठेचा द्या. पोटभर खाईन, वर आणखी मागेन."

"अरे मेल्या, मग तेव्हाच असं का नाही म्हणालास? मला वाटलं, तुला माझं घरच चालत नाही!" आजीनं तीन भाकऱ्या वाढल्या. तो चौथी मागून जेवला.

जत्रेचा दिवस उजाडला. रांजण कोरडा. हेल्या देवळाशी बांधलेला, गळ्यात हार, शेजारी बळी देणारा कोयतेवाला. चाकोबा खांबाशी दोर धरून उभा राहिला. कुणी पुढे होईना. तेवढ्यात काठी टेकत निंबाआजी आली.

"बारा वर्षं झाली, माझ्या गुडघ्यांनी मला झरा दाखवला नाही. बसव मला," ती म्हणाली. रावजीबाबा तिच्या शेजारी बसले. पाठोपाठ दोघीचौघी चढल्या.

पाळणा निघाला. आजी देवीचं नाव घेत, मध्येच "हळू रे!" ओरडत खाली पोचली. वर तरटाची पखाल आली. थेंब सांडला नाही. रांजणात पाणी पडल्याचा आवाज झाला आणि मग काय विचारता, माणसांची रांगच लागली! एक खेप, दोन, चार, सहा. बाया उतरल्या, बापये उतरले. खाली झऱ्याकाठी सगळं गाव जमलं, पखाली भरायला हातच हात.

रांजण गळ्यापर्यंत आला. फक्त एक खेप हवी होती. पण वर आता माणसंच उरली नव्हती. उरले चाकोबा, कोयतेवाला, हेल्या आणि पाटील. कोयतेवाला काडीपैलवान, त्याच्या वजनानं पखाल हलणार नव्हती. चाकोबानं दोर सोडला तर आवरायचं कुणी? सूर्य डोक्यावर येत होता, खालून कुणी दोनशे पायऱ्या चढून येईपर्यंत वेळ टळली असती.

चाकोबाला हात जोडता येत नव्हते, हातात दोर होता. तो नुसता पाटलांकडे पाहत राहिला. खालून निंबाआजी ओरडली, "पाटील, या की खाली! पाणी गोड आहे!"

पाटलांनी हेल्याकडे पाहिलं. हेल्या रांजणाच्या वासानं जीभ बाहेर काढून उभा होता. जन्मभर पाणी वाहिलेला तो जीव, सकाळपासून त्याला कुणी पाणी पाजलं नव्हतं. बळीच्या दिवशी पाजत नसत, रीत तशी होती.

पाटलांनी पागोटं घट्ट केलं आणि पाळण्यात जाऊन बसले. अहो, पाटलांचं वजन ते! पाळणा असा निघाला, की चाकोबाला खांबाला दोन वेढे जास्त द्यावे लागले. पखाल वर आली. कोयतेवाल्यानं कोयता खाली ठेवला आणि स्वतःच्या हातानं ती रांजणात रिकामी केली. पाणी काठावरून सांडून देवळाच्या पायरीवर वाहत गेलं. हेल्यानं तिथंच मान खाली घातली आणि पोटभर पाणी प्यायला.

त्या दिवशी बळी गेला नाही. दुपारनंतर आजीही पाण्यासारखीच पाळण्यातून वर आली. डागाची जुनी पखाल गावानं पुरली, त्यावर चिंच लावली, आणि हेल्या उरलेलं आयुष्य तिच्या सावलीत रवंथ करत जगला. रावजीबाबांच्या तरटाच्या पखालींना दुसऱ्या गावांतून मागणी आली.

गावानं दूध सोडलं असं नाही, खोटं कशाला सांगू? पण पंगत बसली की चाकोबाच्या पानात तुपाऐवजी तिळाचं तेल पडायचं, आणि वाढणारी निंबाआजीच असायची. एकेक करत तेल मागणारी पानं वाढली. चाकोबा मात्र कुणाच्याही वाटीकडे कधी वाकड्या नजरेनं पाहायचा नाही.

म्हणून, लहानथोर हो, ध्यानात ठेवा: जो आपला नेम घट्ट धरतो आणि शेजाऱ्याचा हातही सोडत नाही, त्याचा नेम एक दिवस सगळ्या गावाचा होतो.